वळणावरचे दगड

बाळांनो, आजोबांच्या स्कूटरची किल्ली सध्या माझ्या कपाटात, साड्यांखाली आहे. तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "आई, आता ती त्यांना परत देऊ नकोस." मी बरं म्हटलं. पण आजोबा पडले यात चूक कोणाची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आपल्या घरावरून पोलादपूरचा रस्ता घाटाकडे चढतो. चढावर ट्रक बंद पडला, की ड्रायव्हर मागे रस्त्यात मोठे दगड मांडतो आणि त्यांत हिरवी डहाळी खोचतो. मागून येणाऱ्याने समजावं, पुढे गाडी उभी आहे. पद्धत चांगलीच आहे. पण ट्रक सुरू झाला की ड्रायव्हर निघून जातो आणि दगड तिथेच राहतात. डहाळी शेळ्या खातात.

अशाच दगडांवर आजोबांची स्कूटर चढली. घराजवळचंच वळण, दिवेलागणीची वेळ, ट्रक दुपारीच गेलेला. हेल्मेटने डोकं वाचलं, मनगट मोडलं. महाडला जाऊन प्लास्टर घातलं.

मग कारणं निघाली. शेजारीण म्हणाली, वळणावर दिवा नाही. तुमचे बाबा म्हणाले, मोतीबिंदू. आजोबा म्हणाले, "समोरच्या जीपने डोळ्यांवर झोत मारला, मी काय करू?" मी सगळी कारणं नीट क्रमाने लावून पाहिली. प्रत्येक जण खरं बोलत होता. मोतीबिंदू आहेच, पण दगड नसते तर मोतीबिंदू घेऊनही ते घरी पोचले असते.

निदान दगड तरी हलवावेत म्हणून मी ते एकेक करून फाटकापाशी रचले. फार बरं वाटलं.

प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात एक ड्रायव्हर टेम्पोतून फाटकाशी उतरला. त्याचा जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी भरलेला ट्रक वरच्या वळणावर बंद पडला होता.

"आजी, चार दगड द्या की. नव्या रस्त्याला सगळीकडं भिंत. एक दगड गावत नाय."

"ट्रकभर जांभा आहे, आणि दगड माझ्याकडे मागतोस?" आजोबा म्हणाले.

"तो मालकाचा हाय, आजोबा. कोपरा तुटला तरी बोंब मारंल."

"काम झाल्यावर उचलणार कोण?" मी विचारलं.

"मीच. आणि नाय दिलेत, तर मागचा येऊन माझ्यावर आदळंल. मग तुमीच पाणी घेऊन धावाल."

हेही खरंच होतं. परत आणून द्यायच्या अटीवर मी दगड दिले. डहाळीही मीच तोडून दिली.

संध्याकाळी शेजारीण घाटातून आली. ट्रक गेला म्हणाली. दगडांकडे तिने पाहिलं नव्हतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की ट्रक वर चाललेला. तो दगड द्यायला खाली कशाला येईल?

आजोबा चपला घालून तयार. "किल्ली दे. बघून येतो."

"चालत जा."

"चालत पोचेपर्यंत अंधार पडेल. अंधारात ते दगड कोणाला दिसतात?"

मी कपाट उघडलं. साड्यांखाली हात घातला आणि किल्ली मुठीत धरून तशीच उभी राहिले. बाहेर उजेड कमी होत होता. "अगं, आण लवकर," आजोबा म्हणत होते, आणि मला त्यांना नाही म्हणायला एकही कारण सापडत नव्हतं, हो म्हणायलाही नाही.