मामीच्या बस्त्याला माझं कार्ड

सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढे आखातात कामाला गेलो. तिथल्या बँकेनं पगाराचा कागद पाहून क्रेडिट कार्ड दिलं, तेव्हा कंपनीतल्या केरळी कारकुनानं सोबतची बारीक अक्षरांची पुस्तिका मला हिंदीत समजावली. यावर नगदी काढू नको. वेगळी फी लागते, वर त्याच दिवसापासून व्याज. दुकानात सामान घेतलंस तर तेवढं लागत नाही. परदेशात मात्र चलनबदलाचे पैसे कापले जाणारच. त्या माणसाचे उपकार मी विसरलो नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुट्टीवर आलो, तेव्हा लक्षात आलं की त्या कार्डाच्या लेखी इचोड्याजवळचं माझं गावच परदेश आहे.

मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. चूलसुद्धा ती चाचपडत पेटवायची. नागपूरच्या डॉक्टरांनी तारीख दिली होती, पण पैसे नगदी पाहिजे होते, अन् कंपनीनं माझा तीन महिन्यांचा पगार अडकवलेला. कार्डावर नागपुरात नगदी मिळाली असती. पण ती फी, ते व्याज मी किती महिने ओढत बसणार, या काळजीनं घास उतरत नव्हता. ऑपरेशन पुढच्या सुट्टीत करू, असं मायला सांगायच्या बेतात होतो. पुढची सुट्टी दोन वर्षांनी होती.

तेवढ्यात मामा-मामी आले. लेकीच्या लग्नाचे कपडे घ्यायला, म्हणजे बस्ता बांधायला, नागपूरला निघाले होते. कापसाचे पैसे मामीच्या पिशवीत. मामांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, कपड्याच्या दुकानात चालते काय हे कार्ड? मोठ्या दुकानात चालतं, म्हटलं.

"मंग काऊन भेऊन राह्यला? बस्त्याचे पैसे तू कार्डानं भर, आमची नगदी तू घे. लुगडे कोण नेसते, हे तुह्या बँकेले काय करायचं?"

दुकानात अर्धा दिवस गेला. बिल झाल्यावर दुकानदार म्हणाला, कार्डाचे शेकडा दोन रुपये जास्त पडतील. भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं. देऊन टाकू म्हणालो. मामीनं ऐकलं नाही. चप्पल शोधू लागली. तिच्यामागे बस्त्याला सोबत आलेल्या सगळ्या बाया उठल्या. उलगडलेल्या लुगड्यांच्या ढिगाकडे पाहून दुकानदारानं दोन रुपये सोडले. मग त्यानं मंजुरीसाठी बँकेला फोन लावला. पलीकडून बँकेचा होकार येईपर्यंत मी बिलावरचा आकडाच पाहत होतो.

मामीनं पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "मोजून घे, बापू. नाहीतर म्हणशील, मामीनंबी फी कापली."

ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं. एका डोळ्याचं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, तेव्हा माय बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली.

"किती वाळला रे तू," म्हणाली.

चार दिवसांनी विमान होतं.