जामीनदाराचा रकाना

बायकोच्या पित्ताशयात खडे आहेत, हे डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. वर यकृत, त्याला चिकटलेली छोट्या वांग्यासारखी पिशवी, पिशवीत ठिपके. तेलकट पोटात गेलं की पिशवी आकसते, खडा तोंडाशी अडकतो आणि उजव्या बरगडीखालून पार पाठीपर्यंत कळ जाते. नुसते खडे काढले तर पुन्हा होतात, म्हणून पिशवीच काढायची. पोटाला तीन-चार भोकं, चार-पाच दिवस हॉस्पिटल. पित्त यकृतात तयार होतं, पिशवी फक्त साठवते. तिच्यावाचून माणसाचं अडत नाही. थांबलात तर मात्र खडा नळीत उतरून कावीळ होऊ शकते, स्वादुपिंड सुजू शकतं.

हे सगळं जपानीत. बायको शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघत होती, कारण आमच्या घरात जपानी येणारा माणूस मी.

"काय म्हणाले?"

"थांबायला हरकत नाही म्हणाले. तेलकट बंद."

असं का बोललो, ते आता सांगून टाकतो. डॉक्टरांनी अ‍ॅडमिशनचा फॉर्म दिला होता आणि त्यात एक रकाना जामीनदाराचा होता. वेगळ्या घरात राहणारा, बिलाची हमी म्हणून सही आणि स्वतःच्या नावाचा शिक्का देणारा कुणीतरी. जपानात, या ग्योतोकु उपनगरात बारा वर्षं काढून मला असा माणूस आठवेना. आठवले तसे दोन-तीन, पण विचारायचं कसं? ऑफिसातले साहेब नाही म्हणणार नाहीत, हीच पंचाईत. जवळच्या निशी-कसाईच्या मराठी मंडळींत विचारावं तर संध्याकाळपर्यंत चर्चा. क्लायंटकडे दर महिन्याला मुदतवाढ मागणारा मी. स्वतःसाठी एक सही मागायची म्हटल्यावर तोंड उघडेना. फॉर्म लॅपटॉपच्या बॅगेत गेला आणि तिथेच राहिला.

वर्षभर ती उकडलेला दुधी खात राहिली. सोबत म्हणून मीही खायचो. ओळखीच्या बायका आपापल्या नवऱ्यांना माझं उदाहरण द्यायच्या. मी नम्रपणे हसायचो.

मग एका रविवारी सत्यनारायणाच्या जेवणात तिने एकच पुरी खाल्ली. तासाभरात आम्ही हॉस्पिटलात. या वेळचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला बाजूला बसवलं आणि तिच्यापुढे टॅब्लेट ठेवला. पडद्यावर हिंदी बोलणारी दुभाषी बाई आली. तिने डॉक्टरांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पिछले साल ऑपरेशन की सलाह दी थी. आपने मना क्यों किया?"

सलाईन संपलं. दोन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. टॅक्सीत तिने विचारलं, "कशासाठी?"

मी सांगितलं.

"एका सहीसाठी?"

"हो."

तिने हात पुढे केला. "दे तो फॉर्म."

खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. आमच्या जाळायच्या कचऱ्यात प्लॅस्टिक सापडलं म्हणून दोनदा पिशवी दारात परत आणून ठेवणाऱ्या. त्या दिसू नयेत म्हणून मी मागच्या जिन्याने ये-जा करायचो. बायको तिच्या मोडक्या जपानीसह त्यांच्याकडे गेली आणि दहा मिनिटांत सही, शिक्का आणि पर्सिमनची दोन फळं घेऊन वर आली.

ऑपरेशन नीट झालं. छोट्या बरणीत सात खडे मिळाले, हरभऱ्याएवढे. घरी आल्यावर तिने ती बरणी माझ्या लॅपटॉपशेजारी ठेवली.

"आता खाली जा. त्यांचे आभार मान. आणि वर्ष का लागलं तेही सांग, मला सांगितलंस तसंच."

बिस्किटांचा डबा घेऊन गेलो. दारात उभं राहून सगळं सांगितलं, जिन्यासकट. आजींचा चेहरा उतरत गेला. "म्हणजे मी पिशवी परत आणली, म्हणून तुम्हाला माझ्याकडे यायचा धीर झाला नाही," असं म्हणून त्या दाराची चौकट धरून कमरेत वाकल्या. मीही वाकलो. सवयीने. आणि वर आलो.

"सांगितलंस?"

"हो."

"काय म्हणाल्या?"

"त्यांनीच माझी माफी मागितली."

टाक्यांवर उशी दाबून ती हसली. मग हसायची थांबली.

"आणि तू मागू दिलीस?"

मी पुन्हा बूट घातले.