खाटेखालची जागा

फरशी बदलायला परवडत नाही, म्हणून लोणावळ्याच्या घरात आज जुन्या फरशीलाच लाल रंग मारून घेतेय. रंगाऱ्यानं डबा उघडला आणि त्या वासानं मला कान्हे गावातल्या माझ्या माहेरच्या घरात नेलं.

ताईला बघायला पाहुणे येणार होते. वडलांना आम्ही भाऊ म्हणायचो. त्यांनी उखडलेल्या कोब्याला असाच लाल रंग द्यायला घेतला. आजारी आई खाटेवरून म्हणाली, "अवो, खाट ऱ्हाऊ द्या. खाली कोन बगतंय? भोवतीनं मारा."

भाऊंनी भोवतीनं मारला.

रंग वाळायच्या आतच आईला घरघर लागली. शेजारचे आबा दारातून म्हणाले, "खाली घ्या तिला. खाटंवर जीव न्हाई जाऊ द्यायचा."

सगळं घर ओलं होतं. भाऊंनी आईला उचलून धरलं, आम्ही बहिणींनी खाट सरकवली आणि खाटेखालच्या कोरड्या, करड्या चौकोनात तिला निजवलं.

मी रडले नाही. ओल्या रंगात आमची पावलं उमटली होती, ती बघत राहिले. आता पुन्हा रंगवावं लागणार, एवढंच मनात आलं.

"मावशी, पलंग सरकवू का?" रंगारी विचारतोय.

"नको. भोवतीनं मार."