एकाच नावाच्या तीन राण्या

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आधी मुलं लहान असल्याचं निमित्त होतं, पुढे वयाचं. आता निमित्त उरलेलं नाही, आणि जिला सांगायचं तीही नाही.

बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला वाचायला मनाई केली. ती इतिहासाची बी.ए. झालेली. फ्रीगंजच्या बाजारातून आणलेलं, इंग्लंडच्या राण्यांवरचं जाड हिंदी पुस्तक तिचं अर्धवट राहिलं होतं. म्हणून दुपारच्या चहानंतर मी वाचायचो आणि ती काळा चष्मा लावून ऐकायची. कोणती राणी कोणाची मावशी, कोणती कोणाची सावत्र मुलगी, यात माझा सारखा घोळ व्हायचा. ती न बघता दुरुस्त करायची.

एकदा सहा लग्नं करणाऱ्या राजाचं प्रकरण आलं. त्याच्या सहापैकी तीन राण्यांचं नाव एकच.

"अहो, त्याने हाक मारली की त्याला याद कोणाची येत असेल?"

मी म्हटलं, "एका वेळी एकच असायची."

"ते महालात. डोक्यात?"

मी पान उलटलं.

"पण नावं माहेरचीच ना त्यांची? त्याने नाही ठेवली."

"माहेरचीच."

"मग बिचाऱ्याचा काय कसूर. तुम्ही माझं नाव कुठून शोधलंत हो?"

आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. तबकात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवं नाव लिहितो. नाव काय ठेवायचं ते घरच्यांनी माझ्यावर सोडलं होतं. माधव नगरात आमच्या समोर बँकेतल्या एका गृहस्थांचं कुटुंब राहायचं, त्यांच्या मुलीचं नाव मी लिहिलं. तिच्याशी मी कधी धड बोललोही नव्हतो. वडिलांची बदली झाली आणि ती गेली. त्या नावाच्या हाकेला ओ देणारं घरात कोणीतरी असावं, एवढंच तेव्हा वाटलं असेल. की आणखी काही? आज नक्की सांगता येत नाही.

"गुरुजींनी पत्रिकेवरून अक्षर काढून दिलं होतं," मी म्हणालो.

"असं होय. वाचा पुढे."

तिला ठाऊक होतं का? की सहज विचारलं? त्यानंतर रोज पुस्तक उघडताना वाटायचं, आज सांगू. पण सांगायचं तरी काय, हेच उमगेना. त्या मुलीचा चेहराही आठवत नव्हता. इतकी वर्षं त्या नावाने मी बायकोलाच हाक मारली, तिच्यावरच रागावलो, तिच्याकडेच औषध मागितलं. मग ते नाव तिचंच नाही का झालं? झालं असेल, तर माफी कशाची मागायची?

पुस्तक संपलं. हिवाळ्यात ती गेली.

क्षिप्रेच्या घाटावर गुरुजींनी तिचं नाव विचारलं. माझ्या तोंडून माहेरचं आलं. मुलगा चमकला. "बाबा, हे कोणाचं?" म्हणाला, आणि गुरुजींना त्यानेच सांगितलं, "मम्मी का नाम दूसरा है."

तुझं तुझ्याजवळ एक चांगलं नाव होतं. ते काढून घेऊन मी तुला दुसरीचं दिलं, आणि तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो. माफ कर.