ऊब दाखवणारी दुर्बीण

जनावराच्या अंगची ऊब दाखवणाऱ्या दोन दुर्बिणी घेऊन एक शहरी माणूस सांजच्या वेळी माझ्या वावरात आला अन् माझ्या बाजेवर बसला. एक ठेवून दुसरी दुकानात वापस द्यायची होती. दर वेळी सदऱ्यानं काच पुसायचा, मग पाहायचा. एकदम कुजबुजला, "आजोबा, अस्वल!"

"अबे, तो माहा उकिरडा हाये. शेण आतून तापते."

दुसरीतही त्याले अस्वलच दिसलं. मग मी पाहिलं. तो बाजेवरून उठला होता, तरी त्याची बसायची जागा पांढरी चमकत होती.

"माणूस उठला तरी ऊब मागं राहते," तो म्हणाला.

"किती वेळ?"

"दोन-चार मिनिटं. सांगा, कोणती ठेवू?"

माझी म्हातारी जाऊन वर्ष झालं. बाजेवरची तिची बाजू मले अजून गरम लागते.

"दोन्ही वापस कर," मी म्हणालो. "कच्च्या हायेत."