एकादशीचा बबल टी

माझा नवरा पद्माकर इथे आयर्लंडमध्ये लेटरकेनीच्या हॉस्पिटलात रोज माणसांना भूल देतो, पण त्याला स्वतःला कुणी भुलवू शकत नाही असा त्याचा ठाम समज आहे. चहा म्हणजे आलं ठेचून, तीन उकळ्या काढलेला, बाकी सगळी थेरं. आणि एकादशी म्हणजे एकादशी. चोवीस वर्षांत एकही मोडलेली नाही. ड्यूटीवरसुद्धा खिशात दाण्याचा लाडू घेऊन फिरतो.

आमची रेवा सतरा वर्षांची. तिला लिनबाईंच्या बबल टीच्या दुकानात ट्रायलला बोलावलं होतं. जमलं तर दर शनिवारी काम. "पहिला ग्लास मीच पिणार," असं बाबाने कबूल केलं आणि नेमकी त्या शनिवारी एकादशी निघाली.

"येतो, पण पिणार नाही," गाडीत पद्माकर म्हणाला.

"मग तूच सांग तिला," मी म्हटलं. साहेबांनी रेडिओचा आवाज वाढवला.

दुकानात लिनबाईंनी छोट्या किटलीत चहाची पानं घातली, गरम पाणी ओतलं आणि ते पहिलं पाणी सरळ फेकून दिलं. पद्माकरच्या काळजाला घरं पडली. पानं आधी धुवून जागी करायची असतात, असं बाईंनी शांतपणे समजावलं. मग याने चहात घालायच्या काळ्या गोळ्यांची चौकशी केली. बाईंनी पाकीटच पुढे ठेवलं. टॅपिओका.

"अगं, हा तर साबुदाणा," पद्माकर मला म्हणाला. चहा चालतो, साखर चालते, दूध चालतं. निकाल लागला. रेवा खोक्यातलं दूध ओतायला लागली तेव्हा तो बोलणं सोडून तिच्या हातांकडे बघत राहिला. मला वाटलं, गोळ्या बघून कचरला.

रेवाने बाईंनी शिकवल्याप्रमाणे दोन्ही हातांनी ग्लास पुढे केला. पहिलीच गोळी स्ट्रॉतून सुसाट याच्या घशात. लोकांच्या घशात नळ्या घालणारा माणूस ठसकून लालबुंद झाला. तरी ग्लास तळापर्यंत संपवला.

"ग्रँड, बाबा?" म्हणजे इकडच्या भाषेत, ठीक ना?

"ग्रँड."

काम पक्कं झालं. संध्याकाळी रेवा माझ्या कानाशी लागली. घाबरून ती विसरलीच होती, दुकानात कुठलं दूध ते सांगितलं नाही तर ओट्सचं घालतात. इथल्या पोरांसारखी ती आईला मॅम म्हणते. "मॅम, डोन्ट टेल बाबा." ओट्स म्हणजे धान्य. चोवीस वर्षं गेली की पाण्यात. मी नुसती मान डोलावली.

रविवारी मी मसालेभात केला. पद्माकरने केळं उचललं. म्हणे पोट बिघडलंय. दगड पचवणारा माणूस हा.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"खोका समोरच होता. एवढाली अक्षरं."

"मग प्यायलास कशाला?"

"हात थरथरत होते गं तिचे," केळं सोलत तो म्हणाला. "आज करतोय ना उपास. तिला सांगू नकोस."

म्हणजे एकाच खोक्याची दोन गुपितं आता मी सांभाळायची. शहाणा मेला. माझे डोळे भरून आले, म्हणून मी मुद्दाम खेकसले, की साल ओट्यावर टाकू नकोस.