पूजेतलं हेल्मेट

पिशवीत मावेना म्हणून हेल्मेट हातात धरूनच मी साताऱ्याहून निघाले. गाडीत समोरच्या बाईंनी विचारलं, "मोटारसायकलही बरोबर आणलीय का?" मी खिडकीबाहेर बघत बसले. वीस वर्षं मी बायकांना दुचाकी शिकवते आहे, असल्या विनोदांचा मला कंटाळा आला आहे.

चेन्नईत तांबरम स्टेशनबाहेर माझ्या धाकट्या बहिणीचे, मालूचे यजमान सेतूराव मोटारसायकल घेऊन उभे होते. घराणं तंजावरचं मराठी, त्यामुळे बोलणं जुन्या वळणाचं आणि तमिळ हेलाचं. हेल्मेट आरशाला लटकवलेलं.

"आरशाचं डोकं फुटेल म्हणून घातलंय का?" मी विचारलं.

"पोलीस दिसला की घालतो, अक्का. एवढ्याशा वाटेला ते होणा (नको)."

त्या दिवशी आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी होती. सेतूरावांचं गिंडीला लेथचं छोटं वर्कशॉप आहे आणि मालू सकाळपासून तिथेच होती. सामान घरी टाकून आम्हीही निघालो.

त्या रस्त्यावर मी जे पाहिलं त्याला वाहतूक म्हणायचं माझ्या जिवावर येतं. नवरा हेल्मेटात, मागे बायको मोगऱ्याच्या गजऱ्यात, मध्ये मूल उघड्या डोक्याचं. म्हणजे घरात जपण्यासारखं डोकं एकच. एका महाशयांनी हेल्मेट कोपरात अडकवलं होतं, पडले असते तर कोपर शाबूत राहिलं असतं. सिग्नलला गणवेश दिसताच सगळी हेल्मेटं डोक्यांवर चढली आणि वळणापलीकडे पुन्हा उतरली. सेतूरावांचंही उतरलं. मी मागे बसून बडबडत होते आणि ते आज्ञाधारकपणे मान हलवत होते, एवढंच.

वर्कशॉपमध्ये लेथपासून पान्यांपर्यंत सगळ्यांना गंधकुंकू लावलं होतं. तिथे मला सुंडल (वाफवलेले चणे, वर ओलं खोबरं) मिळालं. ते मात्र मी तीनदा मागून घेतलं.

"ताई, तुझं आयुध म्हणजे हेल्मेटच ना? ठेव पूजेत," मालू म्हणाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. खाली माझं, वर सेतूरावांचं, अशी दोन्ही हेल्मेटं तिने लेथशेजारी ठेवली आणि वर झेंडूची माळ घातली.

मग कामगारांनी फाटकासमोर कोहळा फोडला. आत कुंकू भरलेलं, भर रस्त्यात लालभडक गर पसरला. प्रत्येक फाटकासमोर तेच चाललं होतं.

"उचला तो. गाड्या घसरतील," मी म्हटलं.

"दृष्टीचा कोहळा, अक्का. हात लावत नाहीत," सेतूराव म्हणाले.

चार वाजता आम्ही परत निघालो. मालू मागून लोकलने येणार होती. मी पूजेकडे वळले तसे सेतूराव मध्ये आले.

"अक्का, पूजेत ठेवलेलं अस्कं (सगळं) उद्या सकाळी काढायचं. आज हात लावायचा नाही."

"डोक्यात घालायची वस्तू पूजेत, आणि डोकं रस्त्यावर! धन्य आहे तुमची." मी माझं हेल्मेट काढून घेतलं आणि पट्टा कचकन लावला. "तुमचं डोकं, तुमची मर्जी," मी सेतूरावांना म्हटलं आणि मागे बसले.

फाटकावर लिंबं विकणारी म्हातारी म्हणाली, "पात्तु पोंगा" (सांभाळून जा).

तिसऱ्याच फाटकापुढे एक रिक्षा आडवी आली. सेतूरावांनी ब्रेक दाबला, चाक कोहळ्याच्या गरावर होतं. गाडी खालून निघून गेली. माझं हेल्मेट दुभाजकावर आपटलं, मी उठून बसले. सेतूरावांचं डोकंही तिथेच आपटलं होतं. ते उठले नाहीत. रस्त्यावरच्या लाल रंगात कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं ते मला कळेना. ती म्हातारी धावत आली आणि तिने पदर त्यांच्या डोक्याला दाबून धरला.

दोन दिवस ते मालूला ओळखत नव्हते. तिसऱ्या दिवशी तिच्याकडे बघून म्हणाले, "पूजेतलं काढलं का?" मालू हसली आणि मग खूप रडली.

आठवड्याने मी निघाले. मालू तांबरमला पोचवायला आली. माझ्या हेल्मेटवरचा ओरखडा तिने बोटाने चाचपला.

"ताई, तू बरोबर सांगत होतीस. आमचंच चुकलं."

घरी आल्यापासून वर्गातल्या बायकांना मी तो ओरखडा दाखवते. त्या घाबरतात आणि मुकाट्याने पट्टे लावतात. पण मालूला तेव्हा सांगायला हवं होतं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. माझं हेल्मेट खाली होतं. ते काढायला सेतूरावांचं मला आधी उचलावं लागलं. ते माझ्या हातात होतं, आणि मी ते पुन्हा जागेवर ठेवलं.